झादरचा पार्किंग लॉट

क्रोएशियाला जाणारा भारतीय टूरिस्ट सरळ डुब्रोव्हनिक गाठतो. तटबंदीवर फोटो, बोटीवर फोटो, 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पायऱ्यांवर फोटो, खेळ खल्लास! झादर त्याच्या लिस्टमध्ये नसतंच. माझ्या लिस्टमध्ये मात्र ते एक नंबरला होतं, आणि त्याचं कारण होतं पाच फूट आठ इंचांचा एक माणूस. लुका मॉड्रिच.

आता तुम्ही म्हणाल, फुटबॉलरचं गाव बघायला कुणी युरोपात जातं का? ठीकाय, मान्य. पण गोल मारणाऱ्याचं कौतुक करायला टीव्ही पुरतो. मिडफिल्डरचं तसं नाही. गायकाच्या मागे बसलेल्या तबलजीसारखं त्याचं असतं. तो चुकला की सगळ्यांना कळतं, बरोबर वाजवला की गाणं चांगलं झालं म्हणतात. असा माणूस समजून घ्यायचा तर तो कुठे घडला ते बघावं, असं आपलं माझं मत.

बोगद्यापलीकडे

झाग्रेबहून झादर म्हणजे बसने साधारण साडेतीन तास. वाटेत वेलेबित नावाचा डोंगर आडवा येतो आणि बस स्वेती रोकच्या बोगद्यात शिरते. साडेपाच किलोमीटरपेक्षा लांब. खंडाळ्याचे बोगदे ह्याच्यापुढे बच्चे! शिरताना झाडी, ढग, स्वेटर. बाहेर पडताना पांढरेफटक खडक, निळं पाणी आणि डोळ्यांवर येणारं ऊन.

ह्याच डोंगराच्या पायथ्याशी मॉड्रिची नावाची वस्ती आहे. नाव घराण्यावरूनच. झादरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून मी तिथे गेलो. लुकाचा जन्म १९८५ चा, झादरमधला, पण त्याचं लहानपण इथलं, आजोबांच्या अंगाखांद्यावरचं. आजोबांचंही नाव लुकाच. पाच वर्षांचा लुका काठी घेऊन शेळ्या हाकतोय अशी एक जुनी फिल्म आहे. वेलेबितमधल्या लांडग्यांवर डॉक्युमेंटरी करणाऱ्या टीमने घेतलेली.

मग युद्ध आलं. डिसेंबर १९९१ मध्ये सर्ब बंडखोरांनी आजोबांना घराजवळच गोळ्या घातल्या. बाकीचं कुटुंब पळालं, मागे घर पेटवून दिलं गेलं. आज रस्त्याकडेला दगडी भिंती दिसतात, आत गवत. तिकीट नाही, गाइड नाही, चहाची टपरी नाही. आपल्याकडे असतं तर एव्हाना स्मारक समिती, तिच्यात दोन गट आणि कोनशिलेवर पाच नावं झाली असती! इथे फक्त वारा होता. मी दहा मिनिटं उभा राहिलो आणि कॅमेरा न काढताच परत फिरलो.

रूम विथ युद्ध

कुटुंब आधी मकार्स्काला गेलं, मग झादरमध्ये आलं. वडील सैन्यात. राहायला निर्वासितांसाठी रिकामी केलेली हॉटेलं. त्यातलं एक कोलोव्हारे, समुद्राला चिकटून. तिथल्या पार्किंग लॉटमध्ये दिवसभर बॉलशी खेळणारा एक किडकिडीत पोरगा आहे, ही बातमी 'एनके झादर' क्लबपर्यंत पोचली आणि क्लबने त्याला घेतलं. शहरावर तेव्हा तोफगोळे पडत होते. भोंगा वाजला की प्रॅक्टिस सोडून मुलं आडोशाला पळायची.

हॉटेलच्या आवारात मी बराच वेळ घुटमळलो. काही नाही हो, डांबर, पांढरे पट्टे, गाड्या. पण दोन गाड्यांमधून बॉल काढायचा तर किती जागा मिळते, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. चार जणांच्या घोळक्यातून बॉल घेऊन तो अलगद बाहेर पडतो ना, ते बघताना आता मला हे पार्किंगच आठवतं.

त्यात झादर हे बास्केटबॉलचं शहर. देवाने माणूस बनवला आणि झादरने बास्केटबॉल, असं इथले लोक चक्क म्हणतात. सात फुटांच्या आसपास उंची असलेला क्रेशिमिर चोसिच हा ह्या शहराचा लाडका, इथलं मोठं स्टेडियम त्याच्या नावाचं. अशा उंच माणसांच्या गावात हा एवढासा. स्प्लिटच्या 'हायदुक' ह्या मोठ्या क्लबनेही त्याला अंगाने फारच लहान म्हणून परत पाठवलं. पोरगा खचला. त्याला सावरलं तोमिस्लाव बाशिच ह्या कोचने, ज्यांना मॉड्रिच पुढे आपले फुटबॉलमधले वडील म्हणायचा.

उशिरा लागलेला नंबर

आपल्यातल्या कित्येकांना तिशीच्या आत 'सेटल' व्हायचं प्रेशर असतं. त्यांच्यासाठी मॉड्रिचचा सीव्ही म्हणजे टॉनिक आहे. किशोरवयातच 'डायनामो झाग्रेब'मध्ये. तिथून २००३ मध्ये लोनवर थेट बोस्नियात, मोस्तारच्या 'झ्रिंस्की'कडे. खडबडीत मैदानं, त्याहून खडबडीत डिफेंडर! बोस्नियात जो खेळला तो कुठेही खेळेल, असं तो नंतर म्हणाला. तरी त्या सीझनचा तो तिथल्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे एक सीझन 'इंटर झाप्रेशिच', मग २००५ मध्ये डायनामोशी दहा वर्षांचा करार. त्या पैशांतून त्याने पहिलं काय केलं असेल? झादरमध्ये आईवडिलांसाठी फ्लॅट घेतला. हॉटेलच्या खोल्यांत वाढलेल्या पोराने आणखी काय घ्यायचं?

डायनामोबरोबर सलग तीन लीग जिंकून २००८ मध्ये तो लंडनच्या 'टॉटनहॅम'मध्ये गेला. चार वर्षं सुंदर खेळला, ट्रॉफी एकही नाही. २०१२ मध्ये 'रेआल माद्रिद'. पहिल्याच डिसेंबरला स्पॅनिश वृत्तपत्र 'मार्का'च्या वाचकांनी त्याला सीझनमधली सगळ्यात वाईट खरेदी ठरवलं! वय सत्तावीस.

आणि मग? २०१४ चा लिस्बनमधला चॅम्पियन्स लीग फायनल, ९३ वं मिनिट. कॉर्नर मॉड्रिचचा, हेडर रामोसचं, हातातून गेलेली मॅच परत आली. लोकांना रामोस आठवतो. (तबलजी, सांगितलं ना!) तिथपासून २०२४ पर्यंत सहा चॅम्पियन्स लीग. तेरा वर्षांत रेआलबरोबर एकूण २८ ट्रॉफ्या, क्लबच्या इतिहासात कुणाकडेच नाहीत इतक्या. २०२५ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो 'एसी मिलान'मध्ये गेला.

देशासाठी पहिली मॅच मार्च २००६ मध्ये, बासेलला, अर्जेंटिनाविरुद्ध. क्रोएशिया ३-२ जिंकलं. तिथून त्याने १९० हून जास्त मॅचेस खेळल्या. देशाची लोकसंख्या किती? चाळीस लाखांच्याही आत. मुंबईच्या उपनगरांत सहज मावेल एवढा देश २०१८ मध्ये वर्ल्डकप फायनलला पोचला, तोही सलग तीन नॉकआउट मॅचेस एक्स्ट्रा टाइमपर्यंत ताणून. डेन्मार्कविरुद्ध शेवटच्या मिनिटांत मॉड्रिचची पेनल्टी अडवली गेली. थोड्याच वेळात शूटआउटमध्ये तो पुन्हा त्याच गोलकीपरसमोर उभा राहिला, आणि मारली. फायनल फ्रान्सने ४-२ अशी जिंकली, पण स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल त्याला मिळाला. त्याच वर्षी बॅलन डी'ऑर. मेस्सी आणि रोनाल्डोची दहा वर्षांची मक्तेदारी मोडली ती ह्या माणसाने.

भिंतीवरचा राग

इतकं सगळं असताना झादरभर त्याचे पुतळे, पोस्टर्स असतील असं मला वाटलं होतं. तसं नाहीये. टॅक्सीवाल्या काकांना विचारलं तर ते जरा गप्प झाले. मग बोलले.

२०१७ मध्ये डायनामोचे पूर्वीचे सर्वेसर्वा झ्द्राव्को मामिच ह्यांच्यावर खेळाडूंच्या ट्रान्सफरच्या पैशांत घोटाळा केल्याचा खटला चालू होता. मामिचना पुढे शिक्षाही झाली. मॉड्रिच साक्षीला गेला. त्याच्या करारातली एक पुरवणी नेमकी कधी झाली, ह्यावरून त्याची साक्ष वादात सापडली. लोक खवळले. तो ज्या हॉटेलात निर्वासित म्हणून राहिला होता त्याच्याच भिंतीवर कुणीतरी लिहिलं की लुका, एक दिवस तुला हे आठवेल. २०१८ मध्ये त्याच्यावर खोट्या साक्षीचा आरोपही ठेवला गेला, जो त्याच वर्षी फेटाळला गेला. मधल्या काळात तो वर्ल्डकप खेळत होता. त्या टीममध्ये झादरशी नातं असलेले चौघं होते: मॉड्रिच, सुबासिच, व्र्साल्को, लिवाकोविच. परत आले तेव्हा शिव्या देणारं हेच शहर रस्त्यावर उतरलं.

मग माफ केलं का? काकांचं म्हणणं असं, की माफ करणं वेगळं आणि आपलं म्हणणं वेगळं. आपल्या माणसाचा राग येतो, परक्याचा कशाला येईल? त्यांनी स्वतः ती साक्ष विसरलेली नाही, आणि मॅच एकही चुकवलेली नाही.

मला हे पटलं. आपल्याला हिरो एकतर देव्हाऱ्यात लागतो, नाहीतर पायाखाली. झादरने तिसरी जागा शोधलीये, घरातल्या माणसाची.

जाणार असाल तर

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे आणि तिथे युरो चालतो, त्यामुळे एकाच व्हिसावर इटली किंवा स्लोव्हेनियाही जोडता येतं. दोन रात्री हाताशी ठेवा. जुन्या शहरात नवव्या शतकातलं सेंट डोनाटस चर्च आणि रोमन फोरम बघा. संध्याकाळी समुद्राच्या कडेला 'सी ऑर्गन'वर बसा. निकोला बाशिच ह्या आर्किटेक्टने २००५ मध्ये केलेल्या ह्या पायऱ्यांखाली ३५ नळ्या आहेत. लाटा आत शिरतात आणि पायऱ्या वाजायला लागतात. वाजवणारा कुठे दिसत नाही.

आणि हो, सकाळी लवकर उठून कोलोव्हारेच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. बघण्यासारखं तिथे काहीच नाही. तरी जा.