चिखलाचं प्रॅक्टिकल

"मी मातीकाम करते" असं सांगितलं की आमच्या कॉलेजात पुढचा प्रश्न ठरलेला, "सिव्हिलला का?" नाही हो, मी मेकॅनिकलची! आणि ही माती सॉइल टेस्टिंगची नाही, कुंभाराकडची, लाल आणि मऊ. तिच्यापासून मी गोगलगायी, शेंगा, पानं असं काहीबाही बनवते. होस्टेलच्या खिडकीत त्यांची रांग लागलीय. रूममेट तिला 'प्राणिसंग्रहालय' म्हणते.

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन, हे मला अजून मनात तपासून घ्यावं लागतं. शाळेत क्राफ्टच्या तासाला थर्माकोल असायचा, चमकी असायची, आणि मार्क असायचे नीटनेटकेपणाला. माती कधीच नाही, कारण युनिफॉर्म मळतो ना! 'मळणं' या शब्दाचा दुसरा अर्थ मला गेल्या वर्षी आमच्या गावच्या कुंभारमामांनी शिकवला. "पोरी, आधी मळ. आत खडा नको, हवा नको. मग काय ते कर."

गोगलगायीचा शंख मी दोन पद्धतींनी करून पाहिला. पहिली आपली नेहमीची. पुढून, बाजूने, वरून असे तीन व्ह्यू काढायचे, मातीचा गोळा घ्यायचा आणि नको तेवढी माती कोरायची. शंख अगदी मापात झाला, पण दिसत होता बेकरीतल्या क्रीम रोलसारखा. दुसरी पद्धत सोपी. मातीची लांब वळी करायची, एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला जाड, आणि बारीक टोकापासून गुंडाळत जायचं. पाच मिनिटांत समोर शंख!

असं का, याचं उत्तर लायब्ररीत मिळालं. डार्सी थॉम्प्सन या स्कॉटिश शास्त्रज्ञाचं 'ऑन ग्रोथ अँड फॉर्म' हे १९१७ सालचं पुस्तक. गोगलगाय आपला शंख फक्त तोंडाच्या कडेला वाढवते. जुना भाग तसाच राहतो, नवा भाग त्याच प्रमाणात मोठा होत जातो. म्हणून शंख वाढतो, पण त्याचं रूप बदलत नाही. यालाच लॉगरिदमिक स्पायरल म्हणतात. म्हणजे वळी गुंडाळताना मी नकळत गोगलगायीच्याच पद्धतीने काम करत होते.

मामांच्या पडवीत भिंतीवर कुंभारीण माशीचं घर आहे. बोराएवढा मडका, त्याला चक्क गळासुद्धा! ती ओल्या मातीची एकेक गोळी तोंडात धरून आणते आणि कडेला लावत जाते. मग आत अंडं घालते, पिल्लाच्या खाण्यासाठी अळ्या भरते आणि तोंड लिंपून टाकते. ना ड्रॉइंग, ना टॉलरन्स. तेव्हापासून कुठलीही वस्तू 'दिसते कशी' याच्या आधी 'झाली कशी असेल' असा प्रश्न मला पडतो.

माती स्वतःही काही ठरवते बरं का! सागाचं पान केलं, कडा पातळ ठेवल्या. सकाळी बघते तर कडा वर वळलेल्या, थेट वाळक्या पानासारख्या. माती वाळताना साधारण ५ ते १० टक्के आकसते, आणि पातळ कडा आधी वाळतात. तो बाक मी दिला नव्हता, पण ठेवला.

एक मैत्रीण म्हणाली, "सगळं निसर्गाचंच आहे. मग तुझं काय त्यात? कॉपीच ना?" सबमिशनच्या आदल्या रात्री जीटी मारणाऱ्या आपल्या जमातीने हे विचारावं! पण प्रश्न मात्र मला लागला. दोन दिवस डोक्यात होता. मग वाटलं, काचेखाली दिवा लावून शीट उतरवताना रेघ तिथेच का वळली हे कुणी विचारत नाही. विचारायची गरजच नसते. मातीत ते विचारल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. पानाच्या शंभर शिरांपैकी कुठल्या बारा ठेवायच्या, कुठे थांबायचं, हे मलाच ठरवावं लागतं. तेवढं माझं.

यंदा आमचं कॅम्पस आहे. आई फोनवर म्हणते, "बाळा, आधी ॲप्टिट्यूड कर, चिखल काय, नंतरही आहेच." तिचंही बरोबर आहे, माझ्या फीसाठी घरात कर्ज आहे. म्हणून ॲप्टिट्यूड रोज करतेच. पण रविवारचे दोन तास मी मातीला ठेवलेत आणि ते सोडणार नाही. ॲप्टिट्यूडच्या पुस्तकात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मागच्या पानावर असतं. तीच सवय लागली, तर उद्या नोकरीत उत्तर नसलेला प्रश्न समोर आल्यावर मी काय करणार? त्याचा सराव मला फक्त इथे मिळतो.

तुम्हीही करून बघा. खर्च जवळजवळ नाहीच. कुंभाराकडून ओंजळभर माती आणा, आइस्क्रीमची काडी, जुना टूथब्रश, झालं! कॉलेजच्या गेटपाशी पडलेली एखादी शेंग उचला आणि ती कशी वाढली असेल ते हातांना विचारा. नखांत माती राहील, प्रॅक्टिकलला सर विचारतील. सांगा खुशाल!