बाबांबरोबर जुन्या बाजारात

पुण्यातल्या मुलींचे बाजाराचे शिक्षण बहुधा तुळशीबागेत, आईचे बोट धरून होते. माझे झाले ते जुन्या बाजारात, आणि बोट होते बाबांचे. बुधवार आणि रविवार हे जुन्या बाजाराचे वार. बाबांना सुट्टी रविवारची, म्हणून आमचा वार रविवार. मनपाला बसमधून उतरायचे, नव्या पुलावरून शनिवारवाडा गाठायचा आणि कसब्यातून कुंभारवेशीची वाट धरायची. मंगळवार पेठेतला तो रस्ता जवळ आला की बाबांची चाल बदलत असे. एरवी भराभर पुढे जाणारा हा माणूस तिथे पाऊल मोजून टाकू लागे.

रस्त्याच्या कडेने ताडपत्र्या अंथरलेल्या असत आणि त्यांवर अवघ्या शहराचे सरलेले संसार मांडलेले असत. अडकित्ते, पानाचे डबे, चष्म्याच्या काड्या, नळाच्या तोट्या, काटे थांबलेली घड्याळे. एका ढिगात किल्ल्या हरवलेली कुलपे, तर शेजारच्याच ढिगात कुलपे हरवलेल्या किल्ल्या. (या दोन ढिगांची कोणी कधी ओळख करून दिली असेल काय, हा प्रश्न मला आठ-नऊ वर्षांची असल्यापासून पडत आला आहे.)

बाबा एका लहानशा वर्कशॉपमध्ये टर्नर होते. लेथवर उभे राहून ज्याचे निम्मे आयुष्य गेले, त्याची वस्तू पाहण्याची रीत वेगळीच असते. त्यांच्या खिशात एक लोहचुंबक असे. पितळेची म्हणून पुढे केलेली समई चुंबकाला चिकटली, की ती लोखंडाची, वरून नुसता मुलामा! खरे पितळ असले तर बाबा बोटाच्या पेराने टिचकी मारून नाद ऐकत. भांडे चिरलेले असेल तर ते बद्द वाजते. कानशीचे दात ते नखाने पाहत. पाना घेताना त्याचा जबडा फाकला आहे का, हे आधी तपासत. हवी असलेली वस्तू मात्र प्रथम कधीच उचलायची नाही. आधी तिच्या शेजारणीची किंमत विचारायची, नाक मुरडायचे, आणि उठता उठता "अन् हे कसं दिलं?" असे सहज विचारायचे. सकाळी लवकर गेले म्हणजे भवानीच्या वेळेला विक्रेता गिऱ्हाईक परत पाठवत नाही, हेही एक शास्त्र. पण मला वाटते, विक्रेत्यांना बाबांचे हे सारे डाव पाठ होते. दोन्ही बाजूंनी नाटक चाले आणि दोन्ही बाजू खूश असत. नोटा बंद झाल्या त्याच आठवड्यातल्या रविवारी, १३ नोव्हेंबर २०१६ रोजी, बाबांच्या खिशात चालेल अशी नोट नव्हती. हत्यारांच्या म्हाताऱ्या विक्रेत्याने चार ड्रिल कागदात बांधून हातात ठेवले आणि म्हणाला, "असू द्या, पुढच्या रविवारी."

एचएमटीच्या घड्याळांपाशी मी हमखास रेंगाळत असे. बंगळूरला १९६१ साली सुरू झालेल्या त्या कारखान्याची घड्याळे एके काळी घरोघरी लग्नात जावयाला दिली जात. घड्याळांचा तो उद्योग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. जुन्या बाजारात त्यांच्या तबकड्या भडक निळ्या-हिरव्या रंगवून मिळत. बाबा म्हणत, "कडा झिजलेली आणि तबकडी कोरी दिसली, की समज रंगवलीय."

आईला हे सारे मुळीच पसंत नव्हते. कोणाकोणाच्या घरची पीडा उचलून आणता, असे तिचे म्हणणे. आणलेले भांडे चिंचेने घासल्याशिवाय ते उंबऱ्याच्या आत येत नसे. वास्तविक बोहारणीशी तासभर घासाघीस करून जुन्या साडीवर पातेले मिळवणारी तीच. "माझं जुनं जातं नि नवं येतं, तुमचं उलटं," हे तिचे उत्तर, आणि ते बिनतोड होते.

माझी मावसबहीण अमेरिकेत न्यू जर्सीत असते. तिकडे उन्हाळ्यात शनिवारी सकाळी लोक घरच्या गॅरेजपुढे, अंगणात नको झालेले सामान मांडतात. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी आणि शेजारी खुर्ची टाकून घरमालक स्वतः बसलेला. तो सांगतो, "ही सायकल माझ्या मुलाची, आता त्याला लहान होते." तिचे हे वर्णन ऐकल्यावर जुन्या बाजारात काय नसते ते मला उमगले. आपल्याकडे वस्तूचा मूळ धनी तिथे कधीच हजर नसतो. असते ते फक्त त्याचे नाव. आपल्या बायकांना भांड्यांवर नावे घालून घेण्याची हौस. त्यामुळे त्या ताडपत्रीवर कुणा सौभाग्यवतीचे तांब्ये, कुणाच्या वास्तुशांतीचे ताट, तारखेनिशी पडलेले दिसे. मी ती नावे मोठ्याने वाचत सुटे. बाबा म्हणत, "मनात वाच."

२०१७ मध्ये बाबांचे वर्कशॉप बंद पडले. त्याबद्दल घरात फार बोलणे झाले नाही. काही महिन्यांनी त्यांना दुसरीकडे कमी पगारावर काम मिळाले. जुना बाजार मात्र चालू राहिला. खरेदी जवळजवळ थांबली आणि पाहणे वाढले.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतरचा एक रविवार. नेहमीच्याच हत्यारवाल्यापाशी एका डबीत मायक्रोमीटर होते. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारे हे हत्यार मला ओळखीचे. लहानपणी बाबांनी त्यात माझा एक केस धरून "सात शतांश" असे सांगितले होते. बाबांनी ते थेट उचलले. शेजारच्या वस्तूची किंमत नाही, नाक मुरडणे नाही. कामगार आपल्या पान्या-हातोड्यांवर पंच ठोकून आद्याक्षरे उमटवतात. मायक्रोमीटरवर हातोडा चालत नाही, त्यावर टोकदार सुईने हलकेच कोरतात. तशी दोन अक्षरे त्याच्या कमानीवर होती. ती बाबांच्या शेजारच्या लेथवर उभे राहणाऱ्या काकांची होती. मी मनात वाचली.

बाबांनी जबडे मिटवले, मागची खिट्टी तीनदा कटकट वाजेपर्यंत फिरवली आणि उजेडाकडे धरून पाहिले. "शून्याला बसतंय अजून," एवढेच म्हणाले. विक्रेत्याने चारशे सांगितले. बाबांनी चारशे दिले. म्हातारा नोटांकडे पाहत राहिला. त्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटले असावे.

परतताना आम्ही कसब्यात काकांच्या घरी गेलो. काका तेव्हा एका सोसायटीत रात्रपाळीला राखणदार होते. नुकतेच उठले होते. काकूंनी चहा केला. गप्पा पावसाच्या, माझ्या दहावीच्या, कोणाकोणाच्या गुडघ्यांच्या झाल्या. पिशवी बाबांच्या मांडीवर होती आणि तिच्यावर त्यांचा हात होता.

"आज काय मारलंस बाजारातनं?" काकांनी विचारले.

"काही नाही रे. नुसतीच चक्कर."

काका हसले, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "माझ्या हत्यारांना जरा तेल लावायला हवं. वेळच होत नाही."

ते मायक्रोमीटर आमच्या कपाटात आहे. महिन्या-दोन महिन्यांनी बाबा ते काढतात, मलमलच्या फडक्याने पुसतात, तेलाचा थेंब देतात आणि शून्य पाहून परत डबीत ठेवतात. काकांचे येणे-जाणे आहेच. परवा मी न राहवून विचारले, "बाबा, हे काकांना कधी देणार?"

"त्यानं विचारलं, की देईन," बाबा म्हणाले आणि डबी मिटली.