बाकावर बसलेला मुलगा : कल्याण ते ठाणे, एक रविवार

आमचे धाकटे बंधू कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत राहतात. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या क्रिकेट संघात आहे. संघात आहे म्हणजे राखीव यष्टिरक्षक आहे. दोन हंगाम झाले, पोरगा पहाटे उठून किट बॅग पाठीला लावतो आणि संध्याकाळी तशाच पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत घरी येतो. "धुवायला टाकावेत असे कपडे तो कधी आणतच नाही," असे भावजय एकदा म्हणाली. आम्हांला हसू आले. बंधू मात्र हसले नाहीत.

त्याला कारण होते. भिवंडीकडच्या एका गोदामात मुलासाठी नोकरी चालून आली होती. घरात धाकटी मुलगी दहावीला. ग्लोव्ह्ज, बूट, रेल्वेचा पास, मैदानावरचा वडापाव, सगळा खर्च बंधूंच्या एका पगारातून. कॉलेजचे प्रशिक्षक विचारले की एवढेच सांगत, "अजून तयार नाही." काय तयार नाही, कधी होईल, हे काही सांगत नसत. शेवटी बंधू आम्हांला म्हणाले, "दादा, तुम्ही एकदा जाऊन बघा. पोरात काही आहे की नुसता पाणीच वाटतोय? तुम्ही सांगाल तसं करू."

जबाबदारी मोठी होती. आम्हांला क्रिकेट कळते ते गल्लीतल्या टेनिस बॉलपुरते. म्हणून आम्ही आमच्या एका निवृत्त स्नेह्यांना बरोबर घेतले. ते रेल्वेत फिटर होते, आणि तरुणपणी पंधरा वर्षे सीझन बॉलवर कीपिंग केलेले. त्यांच्या दोन बोटांची पेरे आजही सरळ होत नाहीत. सामना ठाण्याला दुपारी होता, पण स्नेही म्हणाले, "सकाळीच निघू. आधी दुसऱ्यांची पोरं बघू, म्हणजे आपलं पोर नीट दिसेल."

सुभाष मैदानावरचा पहिला धडा

पूल ओलांडून आम्ही कल्याण पश्चिमेला सुभाष मैदानावर आलो. रविवारची सकाळ. एकाच मैदानात पाच-सहा खेळ एकमेकांत गुंतलेले. एकाचा लाँग ऑन तो दुसऱ्याचा स्लिपमधला गडी. तरी कोणाचा चेंडू कोणाचा, हे प्रत्येक पोराला बरोबर ठाऊक.

स्नेह्यांनी एका कीपरकडे बोट केले. "याची झेप बघा. हे अंग. धावणं, उडी, डोळा, हे सगळं एका सकाळी दिसतं. आता तो उठतो कधी ते बघा. टप्पा पडायच्या आधीच उभा राहतो. चेंडू खाली राहिला की पायांतून जाणार. बसलेल्या कीपरनं चेंडूच्या उशीबरोबर उठायचं असतं. ही तयारी. ती एका सकाळी दिसत नाही आणि एका सकाळी येतही नाही."

आम्ही हे मनात टिपून ठेवले. अंग वेगळे आणि तयारी वेगळी.

याच कल्याणचा तुषार देशपांडे. लहानपणी तो शिवाजी पार्क जिमखान्यावर निवड चाचणीला गेला तो फलंदाज म्हणून. फलंदाजांची रांग फार लांब होती म्हणून तो गोलंदाजांच्या रांगेत जाऊन उभा राहिला, आणि गोलंदाज म्हणून निवडला गेला. ३१ मार्च २०२३ रोजी आयपीएलमध्ये राखीव खेळाडूला मधेच उतरवण्याचा नवा नियम पहिल्यांदा वापरला गेला, तेव्हा चेन्नईने उतरवलेला पहिला गडी हाच. त्या दिवशी त्याला भरपूर मार बसला. पण त्या हंगामात त्याने २१ बळी घेतले आणि चेन्नईने स्पर्धा जिंकली. पुढे २०२४ मध्ये रणजीच्या उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध त्याने अकराव्या क्रमांकावर येऊन १२३ धावा काढल्या. फलंदाजांची ती लांब रांग त्या दिवशी संपली म्हणायची! एका चाचणीवरून आणि एका दिवसावरून पोराचा निकाल लावू नये, एवढे आम्ही त्यातून घेतले.

डोंबिवली आणि शेजारचा डबा

कल्याणहून आम्ही धीमी लोकल धरली. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या माणसाचे आयुष्य गाडीच्या वेळेवर चालते, आणि पोरांचे क्रिकेटही. ठाकुर्ली गेले, डोंबिवली आली. पाठीवर किट बॅगा लावलेली चार-पाच मुले चढली आणि दाराशी उभ्यांनी त्यांना आत सरका म्हणून रागे भरले. या बॅगेला लोकलमध्ये कोणीच जागा देत नाही.

अजिंक्य रहाणे इथलाच. जन्म नगर जिल्ह्यातला, पण वाढला डोंबिवलीत. त्याने मुलाखतींतून सांगितले आहे की रिक्षा परवडत नसे, म्हणून आई एका हाताने धाकट्या भावाला कडेवर आणि दुसऱ्या हातात त्याची किट बॅग घेऊन पायी चालत असे. सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला लोकलने मुंबईपर्यंत नेऊन वाट दाखवली. मग एके दिवशी म्हणाले, आजपासून तू एकटा जा. मुलगा एकटा गेला. नंतर कळले की वडील त्याच गाडीत दुसऱ्या डब्यात बसून होते, पोराला जमते की नाही ते बघत.

स्नेही म्हणाले, "बघा, याला म्हणतात चाचणी. पोराला मोकळं सोडलं, पण नजर काढली नाही."

मोठेपणी या मुलाला पुन्हा वाट पाहावी लागली. नोव्हेंबर २०११ पासून तो कसोटी संघाबरोबर होता, पण मैदानात उतरला मार्च २०१३ मध्ये, दिल्लीला. सोळा महिने पाणी नेणे, नेटमध्ये खेळणे आणि परत बाकावर. पहिल्या कसोटीत धावा किती? ७ आणि १. त्या दिवशी कोणीही म्हणाले असते, पोरगा तयार नव्हता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दरबानला त्याने नाबाद ५१ आणि ९६ केल्या आणि पुढे वेलिंग्टनला ११८. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला निम्मा संघ जखमी असताना भारताने कसोटी जिंकली, तेव्हा कर्णधार हाच होता. त्या सामन्यात ६७ धावा आणि ७ बळी मिळवणारा शार्दूल ठाकूर पालघरचा. २०१४ पर्यंत पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. शार्दूलने त्याआधीच्या आपल्या एकमेव कसोटीत, २०१८ साली, फक्त १० चेंडू टाकले होते आणि दुखापत होऊन बाहेर गेला होता. दहा चेंडूंनंतर दोन वर्षांहून जास्त काळ थांबायचे आणि हाक आली की असे उभे राहायचे!

ठाण्याच्या मैदानावर

मुंब्र्याचा डोंगर डावीकडे टाकून, खाडी ओलांडून आम्ही ठाण्यात उतरलो. कोर्ट नाक्यावर बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करून सेंट्रल मैदानावर गेलो. सामना सुरू होता. आमचा पुतण्या तंबूच्या कडेला बाकावर. आम्ही मुद्दाम त्याला न दिसता दूर बसलो. आमचाही शेजारचा डबाच म्हणायचा.

स्नेह्यांनी सांगून ठेवले होते, खेळाकडे नाही, बाकाकडे बघा. पहिला तासभर विशेष काही नाही. पाणी नेले, बॅट बदलून दिली. मग तो पॅड बांधताना दिसला. कोणी सांगितले नव्हते. आतले पातळ हातमोजे, वर ग्लोव्ह्ज, सगळे घालून तो पुन्हा बसला. आम्हांला वाटले, उगाच हौस. दोन षटकांनी मुख्य कीपरच्या बोटावर चेंडू बसला. सगळे धावले. पुतण्या सर्वांत आधी सीमारेषेवर उभा, तयार. २०१७ च्या नियमांपासून पंचांच्या संमतीने बदली खेळाडूलाही यष्टिरक्षण करता येते. पूर्वी तेही नव्हते. पण मुख्य कीपरने हात झटकला, ठीक आहे म्हणून खूण केली आणि खेळ चालू झाला. पुतण्या परत येऊन बाकावर बसला.

स्नेही आमच्याकडे वळले. "तो कीपर दोन षटकं डावा हात झटकत होता. सगळ्या तंबूत ते एकट्या तुमच्या पोराला दिसलं."

मग त्यांनी समीर दिघेची आठवण काढली. मुंबईचा हा यष्टिरक्षक वर्षानुवर्षे देशाच्या दाराशी थांबलेला. २००१ साली चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी खेळला तेव्हा वय ३२. शेवटच्या डावात १५५ धावा हव्या होत्या आणि गडी भराभर पडत होते. दिघे नाबाद २२ राहिला आणि भारत दोन गडी राखून जिंकला. कीपरच्या जागेवर एकच माणूस लागतो. दुसऱ्याने फक्त तयार राहायचे.

जे दिले नाही, ते येत नाही

सामना संपल्यावर आम्ही समोर गेलो. पोरगा ओशाळला. "मोठेबाबा, तुम्ही कशाला आलात? मी खेळलोच नाही." स्नेह्यांनी त्याला ग्लोव्ह्ज घालायला लावले आणि दोन मुलांना गोलंदाजीला उभे केले. वेगवान चेंडूंवर पोरगा छान. लेग साइडला पाय चटकन हलत होते, चेंडू हातात मऊ बसत होता. मग ऑफस्पिनर आणला आणि पोराला यष्ट्यांजवळ उभे केले. तिथे गाडी अडली. सकाळच्या त्या पोरासारखाच हाही लवकर उठत होता. तीन चेंडू पायांतून गेले, एक सोपे स्टंपिंग हुकले.

स्नेह्यांनी एकच विचारले, "सरावात फिरकीवर तुला किती चेंडू मिळतात?"

पुतण्या म्हणाला, "एकही नाही. तेव्हा मेन कीपर असतो. मी मागे थ्रो पकडतो."

आम्हांला बाळू पालवणकरांची आठवण झाली. चांभार समाजातला हा थोर गोलंदाज पुण्याच्या क्लबात मैदानाचे काम करी आणि नेटमध्ये गोऱ्या साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकी. बॅट मात्र त्याच्या हातात कोणी दिली नाही. पुढे हिंदू संघात बळी त्याने काढायचे आणि चहा मात्र तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठलला मिळाले, तेही भांडून. आमच्या पुतण्याचा मामला तेवढा मोठा नाही, इथे कोणी जात विचारली असेही आम्ही म्हणत नाही. पण प्रश्न तोच आहे. जे माणसाला करूच दिले नाही, ते त्याला येत नाही असे म्हणायचे कसे?

त्याचबरोबर दोष लपवण्यातही अर्थ नव्हता. फिरकीवर पोरगा आज कच्चा आहे. आज उतरवला असता तर संघाचे नुकसान झाले असते. प्रशिक्षकांचे वाक्य खोटे नव्हते, अर्धे होते.

तलावपाळीवर

संध्याकाळी मासुंदा तलावाच्या काठावर भेळ खाता खाता ठरवाठरवी झाली. बंधूंना फोन लावला आणि आम्ही निकाल सांगितला : अंग आहे. डोके जागे आहे. फिरकीवर कच्चा आहे. दर रविवारी सकाळी स्नेही त्याला कोळसेवाडीत तासभर फिरकीवर उभे करतील. पोराने स्वतः प्रशिक्षकांना जाऊन तीन प्रश्न विचारायचे : मला काय कमी आहे, त्याचा सराव मला कधी मिळेल, आणि तुम्ही ते पुन्हा कधी बघाल. परीक्षेचा एकही पेपर बुडवायचा नाही. तिसरे वर्ष संपेपर्यंत वाट पाहायची, त्यापुढे नाही. खर्चाचा निम्मा भाग आम्ही उचलू.

बंधू थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे गोदामवाल्याला नाही सांगू?"

आम्ही म्हटले, "आत्ता नाही सांगा. पण ओळख तोडू नका."

परतीच्या गाडीत पुतण्या दाराशी उभा होता, बॅग पायांत. कळवा गेल्यावर त्याने विचारले, "मोठेबाबा, तुम्ही किती वेळ तिथे होता?"

"तू पॅड बांधलेस तेव्हाही होतो," आम्ही म्हणालो.

तो काही बोलला नाही. हे लिहीत असताना पोरगा अजून राखीवच आहे. प्रशिक्षकांनी आठवड्यातून दोन दिवस फिरकीवर सराव द्यायचे कबूल केले आहे. भावजय सांगते, आता रविवारचे कपडे मातीने भरलेले येतात आणि धुताना हात दुखतात. तक्रार म्हणून सांगते, पण आवाजात तक्रार नसते.