निंघालं का?

बी फुटणं वेगळं आणि रोप मातीच्या वर दिसणं वेगळं. इंग्रजीत या दुसऱ्या गोष्टीला ‘इमर्जन्स’ म्हणतात. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ बुडणं, बुडवणं; त्याला ‘बाहेर’ सांगणारा उपसर्ग लागून बुडालेलं वर येणं असा अर्थ झाला. आपण बी फुटणं आणि रोप वर दिसणं, दोन्हींना उगवणच म्हणतो. पण अकोला-अमरावतीकडे जूनअखेर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भेटलेला माणूस विचारतो तो इमर्जन्सबद्दलच : “निंघालं का सोयाबीन?”

*

सोयाबीनचं मूळ आधी खाली जातं. मग कोवळा देठ वाकून त्याचा आकडा होतो. हा आकडा माती फोडतो आणि दोन्ही दलं मागून ओढून वर आणतो. मान मोडली की रोप गेलं. पऱ्हाटीचंही, म्हणजे कपाशीचंही, तसंच. तुरीची दलं मात्र जमिनीतच राहतात, कोंब तेवढा वर येतो. तो खुडला गेला तरी खालच्या डोळ्यातून दुसरा फुटू शकतो. मला तुरीचं हे शहाणपण फार आवडतं.

*

म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा आणि बी तीन-चार सेंटिमीटरच्या खाली घालू नका, असं सांगतात. तिफण खोल गेली की आकड्याची वाट लांबते. त्यात वर जोराचा पाऊस आणि लगेच ऊन पडलं, की मातीवर पापडी धरते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-मूर्तिजापूरकडे, हे जास्त. तिथल्या मातीत सोडियम अधिक. ती पावसात विरघळल्यासारखी होते आणि सुकली की घट्ट बसते.

*

घरची चाचणी : ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत 100 दाणे मांडायचे, गुंडाळी सावलीत ठेवायची, पाच-सात दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी 30 किलो बियाणं. कमी आले तर टक्क्यामागे अर्धा किलो वाढवायचं. दरवर्षी करावीच. पण गोणपाटाला पापडी नसते. बियाण्याच्या पिशवीवरचा टक्क्याचा आकडा बी फुटण्याचा असतो, वावरात निघण्याचा नाही.

*

2019 च्या ऑक्टोबरात काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलं. 2020 च्या खरिपात राज्यभर ‘बी निघालंच नाही’ अशा तक्रारी आल्या. अशा वेळी तालुक्याची समिती वावरात येऊन रोपं मोजते. माझ्या मते तासातली माती खुरप्यानं उकरून पाहणं तितकंच गरजेचं. दाणा न फुटता कुजला असेल, तर बियाण्याकडे किंवा साचलेल्या पाण्याकडे बोट जातं. पापडीखाली पिवळा, वेटोळा कोंब सापडला, तर बी जिवंत होतं. भरपाई कुणाकडे मागायची हे त्यावर ठरतं, आणि पाऊस पुन्हा पडला की तो पुरावा मातीत जिरतो. दुबार पेरणीच्या घाईत शेतकऱ्याला वखर घालावाच लागतो. म्हणून समितीनं दोन-तीन दिवसांत पोचायला हवं.

*

पऱ्हाटीत खाडे, म्हणजे रोप न निघालेल्या जागा, भरता येतात. सोयाबीनमध्ये विरळ तास मोडायचा की ठेवायचा, हा निर्णय घरातल्या उरलेल्या बियाण्यावर आणि उसनवारीवर होतो.