उजेड कमी करणारी दोन बटणं

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि माझ्या २०१२ च्या लॅपटॉपपुढचा रस्ता संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, प्रोसेसरही बराच नवा लागतो. यंत्र मात्र धडधाकट होतं. धडगावला आमच्या शाळेत पहिलीला येणारी बरीच मुलं घरी पावरी बोलतात. त्यांच्यासाठी पावरी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ अशी यादी मी याच लॅपटॉपवर वाढवत आलो आहे. चालतं यंत्र भंगारात घालायला मन तयार होईना, म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं.

वायफाय, आवाज, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सगळं लगेच चाललं. अडलं फक्त ब्राइटनेसच्या बटणांपाशी. बटण दाबलं की पडद्यावर सूर्याचं चित्र यायचं, खालची पट्टी कमी-जास्त व्हायची, पण उजेड तसूभर हलायचा नाही. पडदा कायम पूर्ण प्रखर.

शहरात राहणाऱ्याला ही बारीक तक्रार वाटेल. आमच्या अक्राणी तालुक्यात ती बारीक नाही. पावसाळ्यात सातपुड्यात लाइट गेली की लवकर येईलच असं नसतं, आणि चांदसैली घाटात दरड आली की खालून येणारा रस्ताही अडतो. अशा वेळी बॅटरीत असेल तेवढंच आपलं. त्या बॅटरीचा मोठा वाटा पडद्यामागचे एलईडी दिवे खातात. शिवाय आमच्याकडे रात्री सगळे एकाच खोलीत झोपतात. पडदा मंद करता येत नसेल तर काम करायचं तरी कसं?

दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘पुन्हा विंडोजच टाका.’ आधारचा देशातला पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. नवं तंत्र इथवर पोचतं. ते बिघडलं की आतून समजावून सांगणारं माणूस मात्र सापडत नाही, ही माझी जुनी खंत आहे.

मला समजावून सांगितलं ते पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने, फोनवर. तो म्हणाला, ‘सर, बटण दाबल्यापासून दिवा मंद होईपर्यंत मध्ये चार-पाच टप्पे असतात. कुठे तुटलंय ते एकेक करून बघू.’

पहिला टप्पा बटणाचा. ‘ईव्हीटेस्ट’ नावाच्या छोट्या प्रोग्रामने दाखवलं की उजेड कमी करायचं बटण दाबलं की २२४ आणि वाढवायचं दाबलं की २२५ हा संकेत कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, व्यवस्थित पोचतो. म्हणजे बटणं निर्दोष. पट्टी हलत होती, म्हणजे डेस्कटॉपही आपलं काम करत होता. बिघाड त्याच्या पुढे कुठेतरी होता.

मग त्याने मला ‘सिस’ फोल्डरमधल्या ‘क्लास’मध्ये आणि तिथून ‘बॅकलाइट’मध्ये नेलं. पडद्याचा उजेड लिनक्समध्ये एका साध्या फाइलमधला आकडा असतो, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. ‘ब्राइटनेस’ या फाइलमध्ये आत्ताचा आकडा, ‘मॅक्स ब्राइटनेस’मध्ये सर्वांत मोठा. टर्मिनलमधून आकडा बदलला की उजेड बदलायला हवा. माझ्याकडे कमाल आकडा १५ होता. मी ५ लिहिला. फाइलमध्ये ५ दिसला, पडदा तसाच लखलखीत.

‘फोल्डरचं नाव काय आहे?’ त्याने विचारलं. नाव होतं ‘एसीपीआय व्हिडिओ शून्य’. तो लगेच म्हणाला, ‘मग सापडलं, सर.’

पडद्याचा दिवा हलवायचे दोन मुख्य मार्ग असतात. एक एसीपीआयचा: कर्नल लॅपटॉपच्या फर्मवेअरला, म्हणजे त्यात आधीच बसवलेल्या प्रोग्रामला, सांगतो आणि फर्मवेअर दिवा कमी करतं. दुसरा थेट ग्राफिक्स चिपमार्फत. पूर्वी लिनक्समध्ये एकाच पडद्यासाठी दोन्ही मार्गांच्या नोंदी शेजारी शेजारी दिसायच्या आणि त्यातली कुठली चालते याचा गोंधळ व्हायचा. हान्स दे गुडे या डच प्रोग्रामरने हा सगळा भाग नव्याने रचला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ कर्नलपासून एका पडद्याला एकच नोंद मिळू लागली. कुठली द्यायची हे कर्नल लॅपटॉपचं वय पाहून ठरवतो. फर्मवेअर विंडोज ८ च्या काळातलं किंवा नंतरचं असेल तर बहुधा थेट मार्ग, त्याआधीचं असेल तर एसीपीआयचा. माझा लॅपटॉप विंडोज ७ घेऊन आलेला. नियमाप्रमाणे त्याला एसीपीआयचा मार्ग मिळाला, आणि त्याच्या फर्मवेअरमध्ये नेमका तोच मार्ग बंद पडलेला होता.

उपाय एका ओळीचा निघाला. लॅपटॉप सुरू होताना शिफ्ट दाबून ठेवली की ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, यादी येते. तिथे ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘एसीपीआय अंडरस्कोर बॅकलाइट बरोबर नेटिव्ह’ एवढं इंग्रजीत जोडायचं आणि एफ १० दाबायचं. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता राहतो, त्यामुळे चुकलं तरी बंद करून पुन्हा सुरू केलं की सगळं पहिल्यासारखं.

यंत्र सुरू झालं. फोल्डरचं नाव आता ‘इंटेल बॅकलाइट’ होतं आणि कमाल आकडा ४८८२. बटण दाबलं आणि पडदा पायरीपायरीने मंद होत गेला. त्या आनंदाला मी उगाच मोठे शब्द देत नाही, पण घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. मग तीच ओळ ‘ईटीसी’मधल्या ‘डीफॉल्ट’ फोल्डरच्या ग्रब फाइलमध्ये कायमची लिहिली आणि ‘अपडेट ग्रब’ चालवलं. आता लॅपटॉप बंद करतानाचा ब्राइटनेसही पुढच्या वेळी जसाच्या तसा परत येतो. ते काम लिनक्समधला सिस्टमडी हा प्रोग्राम आपोआप करतो.

बंदिस्त सिस्टीमवर हेच बिघडलं असतं तर मी दुकानदाराच्या शब्दापुढे जाऊ शकलो नसतो. इथे प्रत्येक टप्पा उघडा होता, आणि धडगावच्या शिक्षकालाही तो पाहण्याचा तेवढाच अधिकार होता. हे ज्ञान मराठीत, साध्या शब्दांत लिहिलेलं हवं, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या कपाटात असा जुना लॅपटॉप पडून असेल तर विकण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. त्यासाठी काही पुसावं लागत नाही. ब्राइटनेसची बटणं तेव्हाच दाबून बघा. उजेड हलला नाही तर वरची ओळ वापरा. ‘नेटिव्ह’ने जमलं नाही तर त्या जागी ‘व्हेंडर’ किंवा ‘व्हिडिओ’ लिहून बघा. हाताने आकडा लिहिताना शून्य मात्र टाकू नका, काही यंत्रांत पडदा पूर्ण काळा होतो. आणि यंत्र चालू झालं, पण तुम्हाला नको असेल, तर जवळच्या शाळेला द्या.