कातिबचाचा आणि मॅकिंटॉश

गिरगावातल्या एका डीटीपीच्या दुकानात मी 1991 साली कामाला लागलो, तेव्हा तिथे एकच मशीन होते, मॅकिंटॉश क्लासिक. पडदा नऊ इंची, काळा-पांढरा. पडदा आणि यंत्र एकाच पेटीत. वजन सातेक किलो, आणि माथ्यावर हात घालून उचलण्यासाठी खोबण. मालक रोज सकाळी त्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण काढत, उदबत्ती ओवाळत आणि मग बटण दाबत. पडद्यावर छोटासा हसरा मॅक उमटे. ‘हसला का?’ असे मालक गल्ल्यावरून विचारत. तो हसला की दुकान सुरू झाले.

ही हसरी चित्रे सुझन केअर या बाईंनी 1983च्या सुमारास काढली. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून त्यांनी ती बेतली होती, हे मला फार नंतर कळले. तेव्हा एवढेच कळत होते की माझे बहुतेक मित्र डॉसच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करत बसलेले असताना मी मात्र कागद, फोल्डर, कचऱ्याचा डबा अशा ओळखीच्या वस्तूंमध्ये हात फिरवत होतो. पेटीवर सहा रंगांचे, एक घास खाल्लेले सफरचंद.

मराठी त्या मशीनला येत नव्हती. रोमन अक्षरांच्या जागी आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले फॉन्ट मिळत, त्यांवर काम चाले. काना वेगळा, मात्रा वेगळी, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची, रफार नंतर. मशीनच्या लेखी आपण काहीतरी विचित्र इंग्रजीच टाईप करत असू. मराठी दिसे ती फक्त आपल्या डोळ्यांना. पण लेझर प्रिंटरमधून कागद बाहेर आला की शिशाच्या खिळ्यांवर हयात घालवलेले जुने कंपोझिटरसुद्धा तो उजेडात धरून बघत.

उर्दूचे काय करायचे हा प्रश्न निकाहच्या कार्डांमुळे आला. आमच्याकडे कोकणी मुसलमानांची बरीच कार्डे येत. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. तरुण पोरे मराठी शाळेत शिकलेली आणि आजोबा-नाना उर्दू वाचणारे, अशी ती वाटणी. उर्दूचा फॉन्ट आमच्याकडे नव्हता, आणि नस्तालीक वळण म्हणजे फॉन्ट करणाऱ्याची परीक्षाच. शब्द उजवीकडून वर सुरू होतो आणि डावीकडे घसरत खाली येतो. एकच ‘बे’ शेजाऱ्याप्रमाणे आपली चाल बदलते. म्हणून मालकांनी भेंडीबाजारातून कातिबचाचांना बोलावले.

चाचांनी उर्दू वर्तमानपत्रांसाठी वर्षानुवर्षे किताबत केलेली. बोटांना शाईचा कायमचा डाग. गुळगुळीत कागदावर बरूच्या कलमाने ते मजकूर दुप्पट आकारात लिहून देत. मी तो स्कॅन करायचा आणि निम्मा करून पानावर बसवायचा. लहान केल्यावर कडा सुबक दिसतात. सुरुवातीला ते कागद ठेवून निघून जात. एकदा थांबले. मी त्यांचा एक ‘नून’ मोठा करून पडद्यावर दाखवला. त्यांच्या लवचिक रेषेच्या जिन्यासारख्या पायऱ्या झालेल्या. त्या पडद्यावर आडवे 512 आणि उभे 342 ठिपके, प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. मी म्हणालो, ‘चाचा, मशीनकडे फक्त ठिपके आहेत.’ ते म्हणाले, ‘तो हमारे पास और क्या है?’ आणि कलमाने कागदावर एकाखाली एक तीन नुक्ते टेकवून त्यांच्या उंचीचा अलिफ ओढला. नस्तालीकमध्ये प्रत्येक अक्षराची लांबी, रुंदी, पोट, शेपूट सारे कलमाच्या नुक्त्यांत मोजतात. मी कुराणशरीफ वाचायला शिकलो होतो, पण जेर-जबर नसलेली नस्तालीक उर्दू माझ्याने धड वाचवत नसे. त्या दिवसापासून चाचांनी मला उर्दू वाचायला शिकवायला सुरुवात केली. पाठ्यपुस्तक म्हणजे निकाहची कार्डे. त्यामुळे ‘दावतनामा’, ‘वलीमा’, ‘मुतमन्नी-ए-शिरकत’ हे शब्द मला ‘गाय’ आणि ‘घर’च्या आधी वाचता येऊ लागले.

त्या मॅकची एक गंमत होती. फ्लॉपी बाहेर काढायची तर तिचे चित्र माऊसने ओढत नेऊन कचऱ्याच्या डब्यावर सोडायचे. त्यातले काही पुसले जात नसे, फ्लॉपी फक्त बाहेर येई. हे का असे ठेवले यावर मॅकवालेही हसत. मला त्याची सवय झाली होती. एके दिवशी चाचा शेजारी बसलेले असताना मी ‘बिस्मिल्लाह’ची फ्लॉपी तशी ओढली आणि त्यांनी माझे मनगटच धरले.

‘अरे मियाँ! बिस्मिल्लाह को कचरे में?’

मी समजावले की हा डबा खरा नाही, आतले सगळे जसेच्या तसे राहते. मशीनला ते ठाऊक आहे.

‘मशीन को मालूम है. देखनेवाले को मालूम है क्या?’

आपल्याकडे कार्डे शेवटी पायदळी जातात म्हणून कित्येक जण ‘बिस्मिल्लाह’च्या जागी 786 छापतात. खराब झालेली मुद्रिते चाचा कापडी पिशवीत जमवत आणि महिन्या-दोन महिन्यांनी समुद्रात ठंडी करून येत. मालक त्या पिशवीला कधी हात लावत नसत. कागदाचा मार्ग ठरलेला होता, पण फाईलचा? चाचा गंभीरपणे विचारत होते आणि मला उत्तर देता येईना. शेवटी ठरले असे. फ्लॉपी डब्यात न नेता मेनूतल्या ‘इजेक्ट’ने काढायची. त्यात फ्लॉपी हातात येई, पण तिची फिकट सावली पडद्यावर उरे आणि मशीन मध्येच ती परत मागे. तो त्रास मान्य केला. आणि ज्या स्कॅनमध्ये अल्लाहचे नाव असेल ती फाईल, बिघडलेली असली तरी, पुसायची नाही. त्यासाठी वेगळ्या फ्लॉप्या. एकीवर वीसेक स्कॅन मावत. त्यांच्यावर मी ‘ठंडी’ असे लेबल लावले. फ्लॉप्या स्वस्त नव्हत्या, पण मालकांनी हिशेब कधी विचारला नाही.

सुझन केअर यांच्या चित्रांतले आणखी एक सांगायला हवे. मशीनच्या मेमरीला न पेलणारे काम पडले की ते थांबे आणि पडद्यावर बाँबचे चित्र येई, पेटत्या वातीचा गोल बाँब. चित्र गमतीचे होते. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळाली, दुकान बरेच दिवस बंद राहिले, चाचा भेंडीबाजारातून बाहेर पडू शकले नाहीत. मग 12 मार्चला बाँबस्फोट झाले. त्यानंतरच्याच एका दुपारी, लग्नपत्रिकेचे मुद्रित बघायला आलेले एक गृहस्थ माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत असताना तो बाँब उमटला. त्यांनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि हसत म्हणाले, ‘तुमच्या मशीनमध्येसुद्धा?’

मालक गल्ल्यावरून म्हणाले, ‘मशीन माझं आहे.’

एवढेच. गृहस्थ गप्प झाले, मी मशीन पुन्हा सुरू केले, तो हसला. पण त्यानंतर कित्येक महिने, गिऱ्हाईक शेजारी असले की मी मजकूर छोट्या-छोट्या तुकड्यांत करी. बाँब येऊ नये म्हणून. त्या ‘तुमच्या’चे काय करायचे हे मात्र मला आजवर सुचलेले नाही.

1994 साली इनपेज आले. भारतातच तयार झालेले उर्दूचे सॉफ्टवेअर, विंडोजवर चालणारे. आमचा मॅक त्या शर्यतीत नव्हताच. दोन-तीन वर्षांत उर्दू कार्डे दुसरीकडे जाऊ लागली. तासाभरात मजकूर तयार, चूक झाली तर दुरुस्ती फुकट. गिऱ्हाइकाने का थांबावे? चाचांकडे दुकानांच्या पाट्या आणि कबरीवरचे दगड उरले. एकदा मी त्यांना ओळखीच्या ठिकाणी इनपेज दाखवायला नेले. मला वाटले होते ते चिडतील. त्यांनी चष्मा पुसून कागद डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘ये तो किसी कातिब का हाथ है.’ ते खरेच होते. त्यातले नूरी नस्तालीक वळण पाकिस्तानातल्या मिर्झा अहमद जमील यांनी 1980च्या सुमारास हजारो जोडाकार हाताने लिहून घडवले होते. मशीनच्या पोटात एक कातिब बसलेला होता आणि बाहेरच्या कातिबांना त्याने घरी बसवले होते. चाचांना याचा राग आला की अभिमान वाटला, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता आले नाही.

चाचा 2004 साली गेले. पुढच्याच वर्षी स्टीव्ह जॉब्ज यांनी स्टॅनफर्डमधल्या भाषणात सांगितले की रीड कॉलेज सोडल्यावर ते तिथल्या कॅलिग्राफीच्या वर्गाला बसत, आणि मॅकमधली देखणी अक्षरे त्या वर्गातून आली. शिकवणारे रॉबर्ट पॅलाडिनो आधी ख्रिस्ती मठात साधू होते. चाचांना हे ऐकायला आवडले असते. जॉब्ज यांचे जन्मदाते वडील सीरियाचे अब्दुलफत्ताह जंदाली, हे कळल्यापासून आपल्यातले काही लोक ते कौतुकाने सांगत फिरतात. मला त्या नात्यात फारसे काही दिसत नाही. ज्या मुलाला त्यांनी वाढवलेच नाही त्याचे श्रेय आपण कशाला घ्यावे? साधूच्या हाताखाली कलम धरायला बसलेला पोरगा मला अधिक जवळचा वाटतो.

1998चा आयमॅक फ्लॉपीच्या फटीशिवाय आला, तेव्हा मी सावध झालो आणि घरी आणलेल्या ‘ठंडी’ फ्लॉप्या व काही मराठी मजकूर सीडीवर उतरवून घेतला. आता माझ्याकडे नवा मॅक आहे. त्यात मराठी जन्मापासून आहे, आणि 2017 पासून ॲपलच्या यंत्रांत उर्दूसुद्धा नस्तालीकमध्ये दिसते. गेल्या वर्षी ती सीडी उघडली. पेजमेकरमध्ये लावलेली पाने उघडलीच नाहीत. मराठी मजकुराच्या साध्या फाईली उघडल्या, पण फॉन्ट राहिला नव्हता. ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरे, कंस, डॉलरची चिन्हे. मशीनने पहिल्यापासून जे पाहिले होते तेच आता मला दिसत होते.

चाचांचे स्कॅन मात्र एकेक करून उघडले. ती चित्रेच, त्यांना फॉन्ट लागत नाही. पायऱ्या-पायऱ्यांचे नून, शाई किंचित फुटलेले मीम, बिघडल्या म्हणून बाजूला ठेवलेल्या बिस्मिल्लाह, सगळे शाबूत. त्यांत 1995च्या माझ्या बहिणीच्या कार्डाची उर्दू बाजूही निघाली. वर बिस्मिल्लाह असल्यामुळे ती ‘ठंडी’त गेली असणार. मराठी बाजू मी स्वतः टाईप केली होती, तिची फाईल वाचताच येत नव्हती, आणि छापलेले एकही कार्ड घरात उरलेले नाही. बहिणीला ते पुन्हा छापून हवे होते. मग मी पडद्यावर चाचांचे अक्षर मोठे करून ठेवले आणि शेजारी नवी फाईल उघडली. दावतनामा, निकाह, आमच्या वाडीचे नाव, अब्बांचे नाव. ‘मुतमन्नी-ए-शिरकत’पाशी थोडा थांबलो, आणि मराठीत लिहिले, ‘आपल्या येण्याची वाट पाहणारे’.