झाडाचे पाय

"झाडाचं तोंड काय बगता, मास्तर? पाय बगा!"

तात्यांचे हे वाक्य प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हे मी वर्गात वर्षानुवर्षे समजावून देत आलो. झाडाचेही पाय बघायचे असतात, हे मात्र चाळिशी उलटल्यावर कळले. निमित्त झाले आमच्या निगडीच्या घरापुढील कडुनिंबाचे.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर चढले आणि घाट ओलांडून मावळ-खेडवरून पुढे गेले. त्या दुपारी आमच्या गल्लीतला गुलमोहर मुळासकट आडवा झाला. इजा कुणालाच झाली नाही. पण भीतीने जे घर केले ते केलेच. पुढे वळवाचे ढग दिसले की शेजारी त्या किंचित कललेल्या निंबाकडे संशयाने पाहू लागले. १९७५ च्या कायद्यानुसार शहरातले झाड परवानगीवाचून तोडता येत नाही; तेव्हा गेल्या वैशाखात अर्ज तयार झाला आणि सह्यांसाठी माझ्यापुढे आला. मी सही केली नाही, आणि नाकारलीही नाही. प्राध्यापकी स्वभाव, दुसरे काय!

एका कारखान्याच्या बागेत उभी हयात घालवलेले तात्या मला ठाऊक होते. त्यांना गाठले. "उद्या चाकणला लेकीकडं जायचंय," ते म्हणाले. "तुमच्या स्कूटरवर न्या. वाटेत सांगतो."

नाशिक फाटा सोडून आम्ही भोसरीच्या रस्त्याला लागलो. पिंपळावरून पिंपरी आणि चिंचेवरून चिंचवड, असे लोक सांगतात. आता रस्त्याकडेला दिसतात ते मादागास्करचे गुलमोहर आणि दक्षिण अमेरिकेतले पर्जन्यवृक्ष. भराभर वाढणारे, भरपूर सावली देणारे. कारखान्यांच्या घाईला साजेसे पाहुणे!

भोसरीला तात्यांनी गाडी थांबवायला लावली. एका हिरव्यागार गुलमोहराच्या बुंध्यावर त्यांनी लाकडी हातोडी हलकेच आपटली. टण, टण, आणि मग एकाएकी ढब! "आत पोकळ." पण पोकळ म्हणजे लगेच पडणारे नव्हे. भोवतीची निरोगी भिंत खोडाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून पातळ झाली की सावध व्हावे, असा ठोकताळा जर्मनीतले शास्त्रज्ञ क्लाउस मात्तेक यांनी मांडला आहे. तोही शेवटचा शब्द नव्हे. तिकडे झाडाला दोर बांधून बेताने ओढतात आणि बुंधा किती कलतो ते मोजतात. पाव अंशाच्या आतच हात आवरता घेतात. तात्यांपाशी ती यंत्रे नव्हती. त्यांच्यापाशी हातोडी होती आणि कान होते.

मोशीला चहा घेताना त्यांनी वाऱ्याचे गणित सांगितले. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. खालच्या फांद्या छाटून शेंडा तेवढा ठेवला, की सारा जोर लांब पहारीच्या टोकाला लागतो. आणि मुळे पाताळात जातात हा आपला भ्रम. बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच दूरवर पसरतात. त्यात आपल्याकडे खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. पावसाने माती भिजली की तिची पकड सुटते.

इंद्रायणी ओलांडून चाकणला पोचलो. तेथे एका फाटकाबाहेर पर्जन्यवृक्ष उभा होता. त्याच्या एका अंगाने केबलसाठी चर खणून बुजवला होता, आणि तुटलेल्या मुळांची टोके अजून मातीबाहेर डोकावत होती. पलीकडच्या अंगाला, नेमकी झाड कलेल त्या बाजूस, चहाची टपरी होती. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टपरीवाल्याला म्हणाले, "बाबा, पाऊस यायच्या आत हितनं हल. ह्ये झाड न्हाई ऱ्हायचं."

जवळच संग्रामदुर्गाचे अवशेष आहेत. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानापुढे तो दीड महिन्याहून अधिक काळ झुंजवला. तोफांना किल्ला दाद देईना; तेव्हा खालून सुरुंग लावून बुरूज उडवला गेला. मला तो चर आठवला. आपली झाडेदेखील वाऱ्यापुढे हरत नाहीत. आपण आधी खालून सुरुंग लावतो, आणि दोष मात्र वाऱ्याला देतो.

परतताना तात्या आमचा निंब पाहायला आले. हातोडी सर्वत्र टणटणली. शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला. म्हणजे कल जुना, झाडाने सांभाळून घेतलेला. कलाच्या मागच्या बाजूस जमिनीला भेग नव्हती, बुंध्याशी अळंबीही नव्हती. होता तो बुंध्याला गळ्यापर्यंत आवळलेला सिमेंटचा कोबा. तो पाहून मी खाली मान घातली. कारण अंगणात चिखल नको म्हणून तो मीच घालून घेतला होता!

दुसऱ्याच दिवशी बेताने, मुळांना धक्का न लावता, कोबा फोडून काढला. शेजाऱ्यांनी अर्ज मागे घेतला. पण एका अटीवर. दर वैशाखात झाड कुणा जाणत्याकडून तपासायचे आणि कौल विरुद्ध गेला तर रडायचे नाही. मी ती अट मान्य केली. ह्या खेपेला मात्र सही लगेच केली.

अजूनही रात्री वारा उठला की जाग येते. निंब सळसळत असतो. मी उठून खिडकीशी जातो, आणि वर बघण्याआधी खाली बघतो.